तांबड्याशेजारचा पांढरा

कोल्हापूरकराला आपल्या रोखठोकपणाचा भारी अभिमान. काळ्याला काळं आणि पांढऱ्याला पांढरं तोंडावर म्हणणारी माणसं आम्ही, असं तो छाती पुढं काढून सांगतो. आणि सांगून झाल्यावर जेवायला बसतो, तेव्हा त्याच्या पुढ्यात येणारा पांढरा रस्सा पांढरा नसतो. हे वाक्य रंकाळ्याच्या काठावर उभं राहून मोठ्यानं म्हणणं जोखमीचं आहे. लेखात म्हणायला हरकत नाही, कारण लेखाच्या अंगावर धावून जाता येत नाही. तरीही पुरावा लगेच दिलेला बरा. मटणाची अळणी, नारळाचं दूध, वाटलेली खसखस, तीळ, काजू यांतला एकही जिन्नस कोऱ्या कागदाइतका पांढरा नाही, आणि सगळे एका पातेल्यात शिजल्यावर तर मुळीच नाहीत. वाटीशेजारी एक कोरा कागद ठेवून बघावं. रस्सा तत्काळ पिवळट, किंचित राखाडी, फार तर मोतिया म्हणता येईल असा दिसू लागतो. पण कोल्हापुरात रश्श्याशेजारी कागद ठेवायची पद्धत नाही, तांबडा रस्सा ठेवायची आहे. लालभडक तवंगाची वाटी शेजारी असताना पिवळट रश्श्याची काय बिशाद की तो पांढरा दिसणार नाही! पांढऱ्याच्या पांढरेपणाचं निम्मं श्रेय तांबड्याला द्यायला हवं. पाककृतीच्या पुस्तकांत हे कुणी लिहीत नाही.

म्हणणं एवढंच आहे, की रंग वस्तूला चिकटलेला नसतो. तो मेंदूनं बांधलेला अंदाज असतो, आणि हा अंदाज बांधताना उजेड कसला आहे, शेजारी कोण बसलंय आणि ही वस्तू आजवर कोणत्या रंगाची म्हणून ओळखीची आहे, एवढं सगळं विचारात घेतलं जातं. खुद्द वस्तूला विचारलं जातं ते त्यानंतर. न्यूटननं १७०४ साली ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात प्रकाशाचे किरण स्वतः रंगीत नसतात, असं स्पष्ट सांगून टाकलं होतं. पण न्यूटन कधी साडी घ्यायला गेला नाही, त्यामुळे पुढचा गुंता त्याच्या वाट्याला आला नाही. तो गुंता समजायला मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान उपयोगी पडतं. तिथला दिवाणजी शेतकऱ्याची पट्टी लिहितो तेव्हा एकूण रकमेतून हमाली, तोलाई वगैरे वजा करतो आणि खाली निव्वळ आकडा मांडतो. मेंदूतला दिवाणजीही हेच करतो. डोळ्यांत शिरणारा उजेड ही ढोबळ रक्कम. तीत वस्तूचा वाटा किती आणि दिव्याचा किती, हे मिसळून आलेलं असतं. दिवाणजी दिव्याचा वाटा अंदाजानं वजा करतो आणि उरलं त्याला ‘रंग’ म्हणतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच याला नकळत केलेलं अनुमान म्हटलं होतं. नकळत हा शब्द महत्त्वाचा. पट्टी आपल्या हातात पडते, वजावट कशी केली ते दिवाणजी कधी दाखवत नाही.

ही वजावट केवढी जबर असते, ते म्हशीवरून कळतं. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून, शिंगं रंगवून मिरवतात, तेव्हा उन्हात तकतकणाऱ्या त्या जनावराला काळं सोडून दुसरं काही म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही. पण जरा हिशेब मांडू. भर दुपारच्या उन्हाचा उजेड मोजला तर साधारण एक लाख लक्स भरतो. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत तोच दोनशेच्या आसपास. काळी कातडी पडलेल्या उजेडातला शेकडा पाचेक भाग परत पाठवते, पांढरं धोतर शेकडा ऐंशी. म्हणजे उन्हातल्या म्हशीकडून डोळ्यांत येतात पाच हजार आणि खोलीत बसलेल्या आजोबांच्या धोतराकडून एकशे साठ. उन्हातली काळी म्हैस घरातल्या पांढऱ्या धोतरापेक्षा तीस पट उजळ असते! डोळा जर खरोखर आलेला माल मोजून बोलणारा असता, तर म्हशीला पांढरी आणि आजोबांच्या धोतराला कोळशासारखं काळं म्हणायची पाळी आली असती, आणि पुढचं बोलणं आजोबांनी ऐकून घेतलं नसतं. तसं होत नाही, कारण दिवाणजी उन्हाची आणि खोलीची वजावट वेगवेगळी करतो. म्हशीला काळी ठरवतो तो तिच्या आजूबाजूच्या उन्हाकडे बघून.

इथं रोखठोक पक्षाचा पहिला आक्षेप येतो. हा सगळा शब्दांचा खेळ झाला; लाल ते लाल, यंत्रानं मोजून घ्या. रंगाच्या दुकानात आता संगणकाला जोडलेलं यंत्र असतं, ते भिंतीच्या टवक्यावरून हुबेहूब रंग मिसळून देतं, मग रंग वस्तूत नाही म्हणता तरी कसं? आक्षेप रास्त आहे. यंत्र मोजतं ते खरं. पण ते काय मोजतं ते बघा. कोणत्या लांबीच्या लहरी किती परत फिरल्या, एवढंच. आणि हे मोजण्यासाठी ते स्वतःचा ठरलेला दिवा सोबत बाळगतं, बाहेरचा उजेड आत येऊ देत नाही, शेजारच्या भिंतीकडे ढुंकूनही बघत नाही. असं एकलकोंडं आयुष्य यंत्राला परवडतं. माणसाचा डोळा जर इतका प्रामाणिक झाला, तर सकाळी बिंदू चौकात लावलेली मोटारसायकल संध्याकाळी सापडणार नाही, कारण पिवळ्या दिव्याखाली ती वेगळ्याच रंगाची असेल. मोबाइलच्या कॅमेऱ्यालासुद्धा हे जमेना, म्हणून त्यातही आता व्हाइट बॅलन्स नावाचा छोटा दिवाणजी बसवलेला असतो. म्हणजे यंत्रानं माणसाला सुधारलं नाही. माणसाची खोड उचलली.

याच शहरात या वजावटीचा एक जाहीर पुरावा वर्षातून दोनदा मिळतो. अंबाबाईच्या देवळात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात आणि दिवसागणिक वर सरकत मूर्तीपर्यंत पोचतात. त्या क्षणी काळ्या पाषाणावरून डोळ्यांत येणारा उजेड सरळसरळ सोनेरी असतो. पण गर्दीतला एकही माणूस मूर्ती पिवळी झाली म्हणत नाही. सोनेरी किरणं पडली, असंच म्हणतो. किरणांचा हिशेब वेगळा आणि पाषाणाचा वेगळा, हे वाटप कुणी शिकवलेलं नसतं. उलट चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालात चार तास काढलेल्या माणसाचा दिवाणजी पुरता गोंधळतो. सगळीकडे गुलाबी म्हटल्यावर तो गुलाबीची सरसकट वजावट सुरू करतो, आणि डोंगराखाली उतरल्यावर काही वेळ पांढऱ्या भिंतीवरही हिरवट झाक दिसते. भक्तिभावाचा त्यात काही संबंध नाही, डोळ्यांतल्या तांबडा टिपणाऱ्या पेशी दमलेल्या असतात इतकंच.

आता साडीकडे वळू, कारण रंगाचं खरं विद्यापीठ महाद्वार रोडवर आहे. पुरुषांचं रंगज्ञान सात-आठ नावांत आटोपतं, त्यातही ‘डार्क’ आणि ‘लाइट’ लावून ते भागवतात. समोर मात्र अबोली, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, शेवाळी, किरमिजी, चिंतामणी अशी घडीवर घडी पडत असते. बाई एक साडी उचलतात, ब्लाउजपीस त्यावर ठेवतात, आणि दोन्ही घेऊन दुकानाच्या दारात जातात. दुकानदार आतून “ताई, सेम टू सेम आहे हो” म्हणत असतो, नवरा स्टुलावर बसून घड्याळ बघत असतो, आणि या साऱ्या प्रसंगात शास्त्रशुद्ध वागणारी व्यक्ती एकटी दारात उभी असते. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असली, तरी एखाद्या विशिष्ट दिव्याखाली ती तंतोतंत सारखी दिसू शकतात, आणि दिवा बदलला की फारकत घेतात. याचं कारण असं, की डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी फक्त तीन प्रकारच्या. शेकडो लहरींचा मामला त्या तीन आकड्यांत गुंडाळतात. त्यामुळे दोन भिन्न मिश्रणांचे आकडे ट्यूबलाइटखाली जुळले, तरी उन्हात जुळतीलच याची हमी नसते. सत्यनारायणाला सकाळी दहा वाजता अंगणात ब्लाउज वेगळा दिसला तर दोष डोळ्यांचा नाही, रात्री आठ वाजता खरेदीला नेणाऱ्याचा आहे.

बरं, दारात नेऊनही काम संपत नाही, कारण शेजाऱ्याचा प्रश्न उरतोच. पॅरिसच्या गोबेलिन कारखान्यात १८२४ साली शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांच्यापुढं तक्रार होती, की कारखान्याचा काळा धागा निळ्या-जांभळ्या नक्षीत मिसळला की फिका पडतो. त्यांनी काळा रंग तपासला, तो उत्तम निघाला. खोट रंगात नव्हती, शेजारात होती. शेजारचे रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात, या नियमावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ १०२ वर्षं जगले. गिऱ्हाइकांच्या रंगाबद्दलच्या तक्रारी ऐकूनही माणूस एवढा जगू शकतो, हे कोल्हापुरातल्या कापड व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. गुजरीतल्या सराफांनी मात्र ग्रंथ न वाचताच यातलं मर्म ओळखलेलं आहे. साज, बुगडी गुलाबी कागदावर ठेवायची. झिलईचं सोनं हा एक आरसाच, तो कागदाची लाली उचलतो. वरून पिवळसर दिवा. हुपरीची चांदी मात्र पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली. फळवाला सफरचंदाला जांभळा कागद गुंडाळतो तोही यातलाच प्रकार. यात फसवणूक आहे का? थोडी आहे. पण मुलगी बघायला जाताना घरचे पडदे धुणारी माणसं आपण. सराफाला काय बोलणार!

तिसरी बाब ओळखीची, आणि ती सगळ्यांत गमतीची. जर्मनीतल्या गीसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर केळ्याचं चित्र, आणि लोकांनी बटणं फिरवून ते पूर्ण राखाडी करायचं. लोकांनी ते राखाडीच्याही पुढं नेऊन किंचित निळसर करून ठेवलं. कारण खरोखर राखाडी केलेलं केळं त्यांना अजून पिवळटच दिसत होतं! केळं पिवळं असतं हे इतकं पक्कं ठाऊक, की समोर पिवळा नसला तरी दिवाणजी पदरचा घालतो. हा प्रयोग जर्मनीत होण्याच्या कितीतरी आधी कोल्हापूरनं मोठ्या प्रमाणावर केला होता, तोही तिकीट लावून. बाबुराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला, तेव्हाची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी असे. लाल वस्तू तिच्यावर काळी उमटायची. १९२९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या ‘प्रभात’नं पुण्याला गेल्यावर १९३७ साली ‘कुंकू’ काढला. ज्या वस्तूचं नाव चित्रपटाला दिलं तिचा सगळा जीव तांबड्या रंगात. पडद्यावर मात्र सगळं करडं. कुंकू राखाडी का, अशी विचारणा करत कुणी पैसे परत मागितले नाहीत. लोकांना ते तांबडंच दिसलं. मौज म्हणजे त्याआधी १९३३ साली प्रभातनंच आपला ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला होता, त्याच्या प्रती थेट जर्मनीत तयार करून आणल्या होत्या, पण ते रंग काही साधले नाहीत. खरा रंग दाखवायला गेले तर जमलं नाही. न दाखवता मात्र काम झालं. ज्यांच्या डोक्यात रंग भरलेला असतो, त्यांना तो पडद्यावरून वाईट दिलेला खपत नाही.

ओळखीचा रंग डोळ्यांपाशी थांबला असता तरी चाललं असतं. तो जिभेवर उतरतो. पर्यटक तांबड्या रश्श्याची वाटी बघूनच घाम पुसायला लागतो आणि पांढरा निर्धास्त पितो. तांबड्याचा रंग मुख्यतः ब्याडगी मिरचीचा असतो, आणि ब्याडगी रंगाला भडक, तिखटाला बेताची. जाळ पाहिजे तर संकेश्वरी किंवा लवंगी घालावी लागते; म्हणून तर घरोघरी चटणी कांडायला देताना मिरच्यांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं असतं. मिरचीचा लाल रंग ज्या द्रव्याचा, ते वेगळं. तिखटपणा ज्याचा, ते कॅप्सायसिन वेगळं, आणि ते शुद्ध स्वरूपात चक्क रंगहीन असतं. तिखटाला रंगच नाही! आणि पांढऱ्यात हिरवी मिरची, मिरी, लवंग गपगुमान बसलेली असतात. आता यावर कट्टर कोल्हापूरकर म्हणेल, पर्यटकाचं सोडा, आमची जीभ डोळ्यांच्या सांगण्यावर चालत नाही. असंच बोर्दोचे लोकही म्हणत होते. तिथं वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये बिनचवीचा लाल रंग घालून ती दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. कोल्हापुरात रश्श्यावर तो अजून कुणी केलेला नाही, आणि करणाऱ्यानं आधी विमा उतरवावा.

शेवटचा आक्षेप जरा तात्त्विक आहे. रंग जर ज्याच्या त्याच्या मेंदूतला अंदाज, तर मग प्रत्येकाचा रंग वेगळा, आणि बोलायला काही उरलंच नाही. असं नाही. अंदाज असला तरी तो मनमानी नाही. एका तऱ्हेच्या उजेडात, एका तऱ्हेच्या वस्तूंत वाढलेल्या माणसांचे दिवाणजी बहुतेक वेळा सारखीच वजावट करतात, म्हणूनच तांबडा मागितला तर तांबडाच येतो. मतभेद होतात ते उजेड कसला हेच कळेनासं झाल्यावर. २०१५ च्या फेब्रुवारीत एका झग्याच्या फोटोवरून जगभर भांडणं लागली, कुणाला तो निळा-काळा दिसे, कुणाला पांढरा-सोनेरी. ज्याचा मेंदू झगा सावलीत आहे असं धरून चालला त्यानं निळसर उजेड वजा केला आणि झगा पांढरा झाला; ज्यानं दिव्याखाली धरला त्यानं पिवळा वजा केला. पुढं १३ हजारांच्या आसपास लोकांना विचारून एका संशोधकानं दाखवलं, की पहाटे लवकर उठणाऱ्यांना तो पांढरा-सोनेरी दिसण्याकडे कल थोडा जास्त, कारण त्यांचं आयुष्य दिवसाच्या उजेडात जास्त गेलेलं. म्हणजे भल्या पहाटे तालमीत लाल मातीत उतरणारा आणि रात्री दोनला झोपणारा असे दोघे एकाच साडीवरून भांडले, तर दोघांनाही खोटारडं ठरवायचं कारण नाही. झगा मुळात निळा-काळा होता, हेही सांगून टाकतो, नाहीतर पत्रं येतील.

इतकं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर या अंदाजावर पैसे लागले नसते. पण कोल्हापुरात लागतात, आणि ते गुळावर लागतात. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण सौद्यात त्याचा दर आधी डोळा ठरवतो, जीभ नंतर. पिवळाधमक रवा दिसला की बोली चढते. तपकिरी दिसला की बघणाऱ्याचा चेहरा पडतो. पिवळा म्हणजे स्वच्छ, काळपट म्हणजे मळका, हे समीकरण केळ्याइतकंच पक्कं होऊन बसलंय. वास्तविक उसाचा रस काहिलीत आटला की तो तपकिरीच होणार; जमीन, उसाची जात, आच यांनुसार छटा थोडी इकडंतिकडं. तो पिवळा हवा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर पडते, आणि पावडरीनं आलेला पिवळेपणा दिवस जातील तसा पुन्हा काळवंडतो. यात एकट्या गुऱ्हाळवाल्याला बोल लावणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. भेंडीच्या रसानं मळी काढून, पावडर न घालता त्यानं रवा आणला, तर कमी दराची पट्टी त्याच्याच हातात पडते. आता उलटी लाटही आली आहे. गडद गूळ म्हणजे सेंद्रिय, असं शहरातल्या गिऱ्हाइकानं ठरवून टाकलंय आणि तो चढ्या दरानं घेतो. डोळ्यांनी एक चूक सोडली, दुसरी धरली. गडद रंग हाही पुरावा नव्हे. जळकट पाकही गडदच असतो. तेव्हा या हंगामात गूळ घ्यायला जाल तेव्हा रव्याच्या रंगावर दर देऊ नका. काहिलीत काय काय घातलं ते विचारा, एक खडा तोंडात टाकून बघा, आणि पावडर न घालणाऱ्या गुऱ्हाळवाल्याला त्याचा रवा कसाही दिसत असला तरी किलोमागं दोन रुपये जास्त द्या.